जोडावरचा काळा रंग

मागच्या आठवड्यात माझ्या दुकानात एक फटफटी चार दिवस उभी होती. चेसीची मान तडकलेली, ती मी जोडून दिली होती. मान म्हणजे चेसीच्या तोंडाची जाड नळी. हँडलचा दांडा तिच्यातूनच खाली उतरतो आणि पुढचं चाक धरतो. गाडीचं बाकी काहीही मोडलं तर गाडी थांबते. मान मोडली तर माणूस जातो.

जोड मारून झाला होता. घासून झाला होता. तरी मी गाडी देत नव्हतो. मालक दोनदा येऊन गेला, दोन्ही बारीला मी म्हणलं, रंग राहिलाय, उद्या या. रंग लावायला अर्ध्या बिडीचाही वेळ लागत नाही. तो मी का लावत नव्हतो, हे त्याला सांगायचं तर बायकोचं सांगावं लागलं असतं. ती जाऊन सात महिने झाले.

मी लोह्याकडचा. चौथी करून शाळा सुटली. बहात्तरच्या दुष्काळात आमचं नवं लग्न झालेलं, आणि आम्ही दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. सरकारनं वाटलेली सुकडी खायची, खडी फोडायची. एक दिवस रोलरचा एक दांडा मोडला आणि तो जोडायला नांदेडहून एक मुसलमान मिस्त्री आले. त्यांनी गॅसची निळी जीभ काढली, लोखंडाला लावली, आणि लोखंड पातळ होऊन हललं. त्या वर्षात वाहतं असं मी तेवढंच बघितलं. मी हातोडी खाली टाकून उभा राहिलो. मुकादम ओरडत होता. बायको शेजारून म्हणली, "बघत काय बसलाव? इचारा की त्यान्ला, माणूस लागतो का."

मी विचारलं. ते उस्ताद मला नांदेडला घेऊन गेले.

उस्तादांच्या दुकानात मोटरसायकलीच जास्त यायच्या. तिथंच मला ते वेड लागलं. आवाजावरून गाडी ओळखायची, कुठला भाग कुरकुरतोय ते रस्त्यावरून जाताना सांगायचं. जेवायला बसलो आणि रस्त्यानं एखादी गाडी गेली की घास हातात राहायचा. बायको म्हणायची, "खावा, ती तुमची मावशी न्हाई." पुढं अहमदपूरला मी आपलं दुकान टाकलं, तेव्हा तीन भंगार गाड्यांचे भाग जोडून स्वतःची एक फटफटी बनवली. चेसी एकीची, इंजन दुसरीचं, टाकी आणि चाकं तिसरीची. वर्ष लागलं. बायको तिच्याकडं बघून म्हणली, "हिला तीन माहेरं, अन् मला एकबी धड न्हाई."

उस्तादांच्या दुकानात एक रीत होती, ती मी अहमदपूरलाही तशीच ठेवली. जोड पक्का झाला, थंड झाला, घासून तपासून झाला, की मग त्यावर काळा रंग. रंग दिसला तर गाडी द्यायची. उघडं लोखंड दिसलं तर मालक कितीही बोंबलला तरी द्यायची नाही. "रंग मारे तो जबान दिये," उस्ताद म्हणायचे. रंग लावला म्हणजे शब्द दिला. मी दुकानात नसलो तर गाडी बायको द्यायची. तिला इंजनातलं काही कळत नव्हतं, पण रंग कळत होता. तेवढं पुरायचं.

नंतर लातूर जिल्हा झाला. आधी कागदाच्या कामाला उस्मानाबादपर्यंत जावं लागायचं, आता लातूर. नवी कचेरी, नवे साहेब, रोज मीटिंगा. अहमदपूरचे तलाठी, ग्रामसेवक, मास्तर, सगळे फटफटीवर लातूरला पळायला लागले. खडी पसरलेला रस्ता आणि जुन्या गाड्या. माझ्या दुकानापुढं रांग लागायची.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी नव्हतं. टँकर दोन दिवसाआड यायचा, कधी तिसऱ्या दिवशी. आणि माझा धंदा पाण्याचा. हे लोकांना खरं वाटत नाही, म्हणून सांगतो. माझ्याकडं लाइटवरची मशीन नव्हती. गॅस मी कारबेटपासून काढायचो. टाकीत कारबेटचे खडे टाकायचे, वरून पाणी सोडायचं, त्याचा गॅस होतो. खाली राहतो तो चुना. त्या चुन्यानं बायको भिंती सारवायची, आमचं घर गल्लीत सगळ्यात पांढरं होतं. पण पाणी नाही तर गॅस नाही, आणि गॅस नाही तर मी नुसता हातावर हात.

त्या दिवशी एका ग्रामसेवकाची गाडी होती. मानच तडकलेली. गाडी मी आदल्या दिवशी खोलली, सकाळी जोडायला घेतली. बायकोनं रांगेतून आणलेल्या दोन घागरींतली एक कारबेटला घातली. मानेचा वरचा भाग चांगला भरला. खालच्या अंगाला गेलो आणि जीभ पिवळी पडायला लागली, काजळी सोडायला लागली. पाणी संपलं होतं.

"एक घागर दे," मी म्हणलं.

"दिली की सकाळी."

"ती संपली. जोड अर्धा राह्यलाय."

"मग राहू द्या अर्धा. लोखंड काय तहानेनं मरतंय का? घरात दोन लेकरं हाईत. टँकर परवा येणार."

"दुकान चाललं तर घर चालतंय."

"अन् घर मेल्यावर दुकान कुणासाठी?"

तिचं बरोबर होतं. म्हणूनच मला राग आला. उरलेल्या गॅसवर मी खालच्या अंगाला भरणाची काडी फिरवली. धातू आत उतरला नाही. दुधावर साय धरावी तसा वर धरला. मला ते कळत होतं, हाताला कळतंच. कानस मारून सारखं केलं. वरून बघणाऱ्याला फरक कळला नसता.

तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण ती दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून. मी रंगाचा डबा उघडला आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या जोडावर काळा रंग फिरवला. म्हणलं, "बघ. झालं. तुझ्या पाण्यावाचून झालं."

ती आत गेली. तिला बरं वाटलं असणार, की घागरही राहिली आणि कामही झालं.

माझ्या मनात होतं की उद्या कुठूनही पाणी आणायचं, रंग खरवडायचा आणि जोड पुन्हा मारायचा. ग्रामसेवक दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हरल्यासारखं झालं असतं.

सकाळी मी माझ्या फटफटीला दोन्ही बाजूंनी दोन कॅन बांधले आणि लोह्याच्या बाजूला एका ओळखीच्या वाण्याच्या शेतात गेलो. त्याच्या विहिरीला तळाशी पाणी होतं. तिथंही चार माणसं आधी होती. पोहरा बुडत नव्हता, आडवा करून भरावा लागायचा. परत यायला नऊ वाजून गेले. दुकानापुढं गाडी लावली आणि बघितलं, तर जिथं ग्रामसेवकाची गाडी उभी होती तिथं नुसता तेलाचा डाग.

"गाडी कुठं हाय?"

"दिली," बायको म्हणली. "सायब लवकर आले. लातूरला अकराला मीटिंग हाय म्हणे. बायकू बी होती संगं, पोटुशी हाय. जाताजाता तिला माहेरी सोडायची म्हणले."

"कुणी सांगितलं तुला द्यायला?"

"रंग होता की," ती म्हणली.

मी तिथंच बसलो. मग सांगितलं. खालचं अंग कच्चं आहे, नुसती साय आहे, रंग मी रागानं लावला. तिनं तोंडाला पदर लावला, पण रडली नाही. लेकरांना शेजारच्या भाभीकडं दिलं, दाराला कडी लावली, आणि येऊन माझ्या मागं फटफटीवर बसली.

"उतर," मी म्हणलं.

"न्हाई. माझ्या हातानं गेलीय ती. चला."

कॅन सोडायचंही भान राहिलं नाही. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन तसेच बांधलेले, ते डुचमळत होते आणि गाडी डुलत होती.

मान कशी मोडते ते मी बघितलेलं होतं. आधी खालून केसाएवढी चीर पडते. हँडल जरासं ओढायला लागतं, चालवणाऱ्याला वाटतं चाकात हवा कमी आहे. मग एखादा खड्डा येतो, चीर उघडते आणि पुढचं चाक आत दुमडून चालवणाऱ्याच्या पायाखाली येतं. मागं बसलेलं माणूस लांब फेकलं जातं. त्याच्या मागं बसलेली बाई सात-आठ महिन्यांची पोटुशी होती. मी रस्त्याचा प्रत्येक खड्डा मोजत होतो. ह्या खड्ड्यातून तो गेला असंल. ह्यातूनही गेला असंल. समोर काही पडलेलं दिसायचं. जवळ गेल्यावर ती गोणी असायची, नाहीतर मेलेलं कुत्रं.

शिरूरला पानाच्या ठेल्यावर थांबलो. "ग्रामसेवक गेले का इकडून? मागं बाई बसलेली?"

"गेले की. अर्धा तास झाला. बाई म्हणत होती, हळू चालवा." ठेलेवाला कॅनकडं बघून हसला. "मिस्त्री, पाणी इकायला निघालाव का काय?"

मी गाडी तशीच पुढं काढली. बायको मागून माझा सदरा घट्ट धरून होती. तिचं पुटपुटणं मला ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते.

पुढं एका नाल्याच्या पुलावर माणसांची गर्दी दिसली. रस्त्यावर आडवी, वीस-पंचवीस माणसं, बायका पळतायत, कुणी ओरडतंय. बायको म्हणली, "अगं आई." मी लांबच गाडी पाडल्यासारखी टाकली आणि पळत गेलो. माणसं बाजूला सारली. मधे टँकर उभा होता. त्याचा खालचा नळ तुटला होता आणि पाणी रस्त्यावर वाहत होतं. बायका त्याखाली घागरी लावत होत्या, एक म्हातारा टोपीत पाणी धरत होता. मी तिथं उभा राहून हसलो का रडलो आठवत नाही. एक बाई म्हणली, "बघत काय राह्यलाव? भांडं आणा, भांडं!"

चाकूरच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली ती गाडी उभी दिसली. स्टँडवर. सरळ. ग्रामसेवकाची बायको बुडाशी पाय लांब करून बसली होती, पदरानं वारा घेत. तो घड्याळ बघत फेऱ्या मारत होता. मला बघून म्हणला, "मिस्त्री! काय राह्यलं का आमचं दुकानात?"

मी सरळ गाडीपाशी गेलो. गुडघ्यावर बसलो आणि मानेच्या खालून बोट फिरवलं. काळा रंग चिरला होता. अर्धा वेढा. हँडल वळवलं तर चीर उघडत होती आणि मिटत होती.

"हँडल जरा ओढत होतं," तो म्हणला. "म्हणलं नवा जोड हाय, बसंल."

"मी कवाची सांगून राहिले, गाडी लंगडायलीय," त्याची बायको म्हणली. "हे ऐकतेत कुठं. मग म्हणलं, मला मळमळतंय, थांबवा. तवा थांबले."

"मळमळत नव्हतं?" तो म्हणला.

"कशाचं आलंय मळमळायला."

मी उठून उभा राहिलो. आता सांगायचं होतं. जोड मी कच्चा ठेवला, त्यावर रंग मी लावला, भांडणात जिंकायला लावला. तोंड उघडलं. तेवढ्यात माझी बायको पुढं झाली. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणली, "दादा, चूक माझी हाय. म्या घागरभर पाणी दिलं न्हाई, म्हणून जोड कच्चा राह्यला. अन् म्याच गाडी दिली."

ग्रामसेवक तापला. "घागरभर पाण्यापायी दोन जिवांवर उठलाव का बाई? तीन जीव म्हणा, तीन!"

ती खाली मान घालून ऐकत राहिली. मी कॅन सोडत राहिलो. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, तिनं पाणी दिलं नव्हतं आणि गाडी दिली होती. मधली गोष्ट तेवढी तिनं गाळली, आणि ती माझी होती. मी बोललो नाही. कॅनमधलं पाणी त्या पोटुशा बाईला दिलं, ती घटाघटा प्याली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. तिला काहीतरी कळलं होतं असं मला वाटतं.

एस.टी. आली. दोघं चढले. राग उतरला होता त्याचा, दारातून म्हणला, "वहिनी, पुढच्या बारीला पाणी द्या बरं का त्यान्ला!" एस.टी.तली माणसं हसली.

माझी फटफटी लिंबाखाली ठेवली, कॅन त्याच्या गाडीवर लादले आणि ती ढकलत आम्ही चाकूरला नेली. तिथं माझ्यासारखंच एक दुकान होतं. त्याच्याकडं कारबेट होता आणि पाणी नव्हतं, तो सकाळपासून पत्ते खेळत बसला होता. माझा कॅन बघून उठून उभा राहिला. एक कॅन त्याला दिला, दुसऱ्यावर मी मान जोडली. आधी जुना जोड कापला तेव्हा आतून तो पोकळ निघाला. बायकोनं वाकून बघितला. मग मी जोड मारला, आतपर्यंत, घाई न करता. थंड झाल्यावर घासला, आणि सवयीनं माझा हात रंगाच्या डब्याकडं गेला. तिनं मनगट धरलं.

"कशावरून पक्का झाला?"

उत्तर होतं, उस्तादांनी शिकवलेलं. जोडावर रॉकेल लावायचं, पुसून टाकायचं, वरून कारबेटचा वाळलेला चुना भुरभुरायचा आणि थांबायचं. चीर असली तर आत गेलेलं रॉकेल बाहेर येतं, पांढऱ्या चुन्यात ओली रेघ उमटते. मी वर्षानुवर्षं ते करत नव्हतो. मला वाटायचं, माझ्या हाताला कळतं.

त्या दिवशी ते केलं. दोघं जमिनीवर बसून चुन्याकडं बघत राहिलो. रेघ आली नाही. मग रंग तिनं लावला. घरी येताना म्हणली, "आता डबा माझ्याकडं ऱ्हाईल."

राहिला. पुढं सगळी वर्षं माझ्या दुकानातल्या जोडाला रंग तिनंच लावला. रॉकेल तिचं, चुना तिचा. हातातली भाकरी टाकून यायची, डोळे बारीक करून बघायची आणि म्हणायची, हाव. नाहीतर न्हाई. न्हाई म्हणली की मी जोड कापायचो. सुरुवातीला चिडायचो, नंतर तिनं हाव म्हणल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

पण लोकांत गोष्ट राहिली ती तिच्या घागरीची. ग्रामसेवकानं सगळीकडं सांगितली असणार. बाजारात बायका विचारायच्या, "वैनी, आज पाणी दिलं का मालकाला?" पोराच्या लग्नात पाहुण्यांनी ती गोष्ट हसून हसून सांगितली. ती हसायची, पदर तोंडाला लावून. मी पण हसायचो. चाळीस वर्षं हसलो. एकदाही म्हणलं नाही की रंग मी लावला होता.

शेवटच्या दिवसांत ती खाटेवर होती तेव्हा मी म्हणलं, "ते चाकूरचं..."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणली. "गाडी थांबली होती न्हवं?"

एवढंच.

आणि आता ही मागच्या आठवड्यातली गाडी, ती गेल्यावर मी घेतलेला पहिलाच जोड. मी रॉकेल लावलं, पुसलं, चुना टाकला, बसलो. रेघ दिसली नाही. पण माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि दुसऱ्याचा भरवसा नाही. रेघ नाही म्हणून दिसत नाही, का मला दिसत नाही, हे कसं कळणार? पुन्हा पुसलं, पुन्हा टाकला. चार दिवस हेच. रात्री झोप नाही. हातही आता थरथरतो, जोड मारताना थरथरला होता का, तेही नीट आठवेना. मालक एक तरणा मास्तर आहे, बायकोला मागं बसवून उदगीरला जाणारा. ती बाई मी बघितली होती, गाडी टाकायला आले तेव्हा. बारीक होती, हसत होती.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा वैतागला होता. "मामा, देणार का नाही एकदा सांगा. रंगासाठी गाडी अडवतं का कुणी?"

मी म्हणलं, बस. आणि त्याला सगळं सांगितलं. घागर, भांडण, रंग कुणी लावला, लिंबाखाली कोण बोललं आणि कोण गप बसलं. जगात पहिल्यांदा त्याला सांगितलं, ओळख ना पाळख. तो ऐकत राहिला. मग डोकं खाजवून म्हणला, "मामा, मी जोडाचं विचारलं होतं."

"जोडाचंच सांगून राहिलोय. तुझे डोळे चांगले हाईत. ये इकडं, बस खाली."

त्याला रॉकेलची चिंधी दिली, चुन्याचा डबा दिला. त्यानं सांगितलं तसं केलं. आम्ही दोघं थांबलो. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो, जोडाकडं नाही.

"काही नाही. कोरडं आहे."

"खालून बघ. बोट लावू नको. नुसतं बघ."

तो आडवा झाला, मान वाकडी करून त्यानं बराच वेळ बघितलं. "हाव," तो म्हणला.

मी तिचा ब्रश काढला. सात महिन्यांत वाळून लाकूड झाला होता, रॉकेलात भिजवून पिळून मऊ करावा लागला. त्याच्या हातात दिला. म्हणलं, "रंग तू लाव. बसणारा तू हाईस."

त्यानं लावला, जरा जाडच लावला. मग किक मारली आणि गेला. आवाज शिरूरच्या रस्त्याला लागेपर्यंत मी ऐकत होतो. नंतर आवाज नव्हता, तरी उभाच होतो. सुनेनं दोनदा जेवायला बोलावलं. संध्याकाळी त्याचा फोन आला, "मामा, दोघं पोचलो." तेव्हा कुठं मी हात धुतले.